घरचं लग्न: ते लागलं असं कोण म्हणणार?

आपल्या मालिकेत आपण सहसा एखादी लढाई, एखादा तह, एखादं घराणं असा विषय घेतो. आजचा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या घरातच उभा राहिला.

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न झालं. आमचं घर वडोद्याचं. पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. भाची चेन्नईत नोकरी करते, मुलगा मदुराईकडचा. दोघांनी दिवाळीच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकलं: हॉल नको, केटरर नको, बँड नको, भटजीही नकोत. शनिवार-रविवार, दोन दिवस, आजोळच्या घराच्या अंगणात. माणसं ऐंशी. मांडव आपण घालायचा, जेवण आपण करायचं, आणि लग्नही आपणच लावायचं.

माझी बहीण थोडी गडबडली, पण तयार झाली. प्रश्न विचारला तो माझ्या वडिलांनी. अण्णांचं वय अठ्ठ्याऐंशी. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करा की. माझी काही हरकत नाही. फक्त एवढं सांगा, लग्न लागलं असं नेमकं कधी म्हणायचं? आणि ते म्हणणार कोण?"

सगळे हसले. मी पण हसलो. पण रात्री झोप येईना, कारण अण्णांचा प्रश्न गमतीचा नव्हता. गेली दीडशेहून अधिक वर्षं या देशात हाच प्रश्न कोर्टात, विधिमंडळात आणि घराघरांत विचारला गेला आहे. त्याच्या उत्तरावर बायकांचं घर, मुलांचं नाव आणि जमिनीचा वाटा ठरला आहे. म्हणून आज त्या प्रश्नाचा इतिहास बघू.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. आपल्याला वाटतं की पूर्वी सगळीच लग्नं घरची असत, कार्यालयं आली आणि सगळं बाजारात गेलं. अर्धं खरं आहे. मुहूर्तमेढ दारात रोवली जायची, हळद घरी दळली जायची, घाणा भरताना जात्यावर ओव्या म्हटल्या जायच्या. पंगतीत वाढायला भावकी, उष्टं काढायलाही भावकी. पण "घरचं" म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. कुंभार मडकी आणायचा, सुतार चौरंग-पाट करायचा, गुरव पत्रावळी द्यायचा, न्हावी आणि परीट आपापली कामं करायचे. हे सगळे हौसेने आलेले मित्र नव्हते. जातीने नेमून दिलेलं ते काम होतं, त्याच्या मोबदल्यात बलुतं होतं, आणि कोण कुठे बसून काय खाणार हेही ठरलेलं होतं.

आणि ज्यांचं लग्न, त्यांना किती विचारलं जायचं? मुलगी आठ-नऊ वर्षांची, मुलगा बारा-चौदाचा. घर लग्न करायचं, गाव लग्न करायचं. फक्त नवरा-नवरी लग्न "करत" नव्हते, त्यांचं लग्न "होत" होतं. म्हणजे माझी भाची जे मागत होती ते जुन्या काळाकडे परत जाणं नव्हतं. ती गोष्ट वेगळी होती, आणि तिचा इतिहासही वेगळा आहे.

त्या गावगाड्यात जोशाचा हक्क हा शब्दशः हक्क होता. जोशीपण हे वतन होतं. त्याची वाटणी व्हायची, त्यावर दावे व्हायचे. यजमानाने दुसऱ्याच कुणाकडून विधी करून घेतला तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेसाठी कोर्टात जाऊ शकत असे. आता समजा, कुणी म्हणालं की मला भटजीच नको. मग?

हे म्हणणारी माणसं पुण्यात उभी राहिली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली, आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा निंबणकर. मागे खंबीरपणे उभ्या होत्या सावित्रीबाई. पुरोहित नाही, हुंडा नाही, कर्ज काढून केलेला खर्च नाही. समाजातली माणसं जमली आणि त्यांच्यासमोर लग्न झालं.

पुढे १८८७ मध्ये या विधींची मंगलाष्टकांसह छोटी पुस्तिका निघाली. त्यातली मंगलाष्टकं मराठीत आहेत, हे तर झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ती नवरा-नवरीच्या तोंडी आहेत. नवरी स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते आणि नवरा ते हक्क मान्य करण्याची शपथ घेतो. आजवर ज्यांच्या डोक्यावर फक्त अक्षता पडत होत्या, ते आता बोलू लागले. घरच्या लग्नाची खरी सुरुवात मला इथे दिसते. खर्च कमी झाला म्हणून नव्हे, तर लग्न कुणाच्या शब्दानं लागतं याचं उत्तर बदललं म्हणून.

गावोगाव याचे पडसाद उमटले. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला पाटील घराण्याने ब्राह्मणाशिवाय लग्न लावलं, तेव्हा तिथल्या जोशांनी हक्क बुडाल्याची तक्रार कोर्टात नेली. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ज्याची सेवा घेतलीच नाही त्याला दक्षिणा का द्यायची, या साध्या प्रश्नासाठी केवढी पायपीट!

आता पुण्याहून कोलकात्याला जाऊ, कारण हाच प्रश्न तिथे आधी आणि वेगळ्या बाजूने आला होता. १८५६ च्या जुलैत विधवाविवाहाचा कायदा झाला आणि ७ डिसेंबर १८५६ रोजी त्या कायद्याखालचं पहिलं लग्न कोलकात्यात लागलं. वर श्रीशचंद्र विद्यारत्न, वधू कालीमती. जागा कुठली? ईश्वरचंद्र विद्यासागरांचे मित्र राजकृष्ण बंद्योपाध्याय यांचं राहतं घर. रस्त्यावर बघ्यांची गर्दी, पोलिसांचा पहारा. ज्यांना समाज आपल्या देवळात किंवा वाड्यात जागा देत नाही, त्यांना कुणीतरी मित्र आपलं घर देतो. ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटेल.

१८६१ मध्ये देवेंद्रनाथ ठाकुरांनी आपली मुलगी सुकुमारी हिचं लग्न ब्राह्म पद्धतीने लावलं. शाळिग्राम नाही, होम नाही. बंगालमध्ये अशी लग्नं वाढू लागली. मग केशवचंद्र सेन आणि त्यांच्या मंडळींना शंका आली की ही लग्नं कायद्याने टिकतील का. सरकारी वकिलांचा सल्ला घेतला. उत्तर आलं, टिकणार नाहीत. हिंदू विधी नाही आणि दुसरा कुठला कायदाही लागू नाही, तर मग हे लग्न कसलं?

त्यातून १८७२ चा तिसरा कायदा आला. भारतातला पहिला नोंदणी विवाहाचा कायदा म्हणून आपण त्याच्याकडे बघतो. त्यात वराचं वय किमान अठरा आणि वधूचं चौदा अशी अट होती, आणि त्या काळी तीही मोठी गोष्ट होती. पण त्यात एक काटा होता. लग्न करणाऱ्यांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कुणीच नाही. म्हणजे साधेपणाने लग्न करायचं तर आधी आपला धर्म नाकारायचा. ही अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांसाठी हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी निघाली, तीही १९२३ मध्ये. मध्ये पन्नास वर्षं गेली.

याच कथेत एक कडू घास आहे. ज्या केशवचंद्रांनी हा कायदा घडवून आणला, त्यांनीच १८७८ मध्ये आपल्या मुलीचं लग्न कूचबिहारच्या महाराजांशी लावलं. तेव्हा मुलगी चौदाची झालेली नव्हती, आणि विधीही कायद्यात सांगितल्याप्रमाणे झाला नाही. अनुयायी संतापले आणि त्यांनी साधारण ब्राह्म समाज हा वेगळा समाज काढला. दुसऱ्यांच्या लग्नाचे नियम करणं सोपं असतं, आपल्या घरातलं लग्न आलं की माणसाची परीक्षा होते.

आता थोडं पंजाबकडे बघू. शिखांमध्ये गुरु ग्रंथसाहिबांभोवती चार फेरे घेऊन लागणारं आनंद कारज होतं. ते अनेकांच्या श्रद्धेचं होतं, पण कायद्यात त्याला स्पष्ट जागा नव्हती. नाभा संस्थानचे टिक्का रिपुदमन सिंग यांनी विधेयक आणलं आणि १९०९ मध्ये आनंद विवाह कायदा झाला. या कायद्याचा सूर लक्षात घ्या: आम्ही लग्न लावतोच आहोत, तुम्ही फक्त ते लागलं असं माना.

आणि आमच्या वडोद्यात? महाराजा सयाजीरावांनी तिसराच मार्ग काढला. १९१५ मध्ये त्यांनी पुरोहितांसाठी कायदा केला. पुरोहिताने परीक्षा द्यायची, आणि यजमानाला विधीचा अर्थ त्याला समजेल अशा भाषेत सांगायचा. भटजी नकोत असं नाही, पण जे म्हणता आहात ते ज्यांचं लग्न आहे त्यांना कळू द्या. अण्णांना हा कायदा माहीत होता. त्यांच्या वडिलांनी त्याबद्दल सांगितलं होतं. "आमचे भटजी पुस्तक बघून गुजरातीत अर्थ सांगत, आणि बायका पहिल्यांदाच नीट ऐकत," असं ते म्हणायचे म्हणे.

पुढचं लग्न पुन्हा पुण्यातलं आहे. १६ जून १९३३. महात्मा गांधींचे धाकटे चिरंजीव देवदास आणि चक्रवर्ती राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी. दोघांचं प्रेम जमलं होतं, पण दोन्ही वडिलांनी आधी काही वर्षं वेगळं राहून थांबायला लावलं होतं. गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास नुकताच, २९ मेला संपला होता. लग्न लागलं ते पर्णकुटीत, म्हणजे लेडी ठाकरसींच्या बंगल्यात. पुन्हा एका स्नेह्याचंच घर. पौरोहित्य केलं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी. माणसं मोजकी.

हे लग्न दिसायला अगदी साधं, पण धाडस मोठं. वधू ब्राह्मण, वर वैश्य. शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम. अशी लग्नं तेव्हाच्या न्यायालयांत टिकतीलच याची खात्री नव्हती. वेगवेगळ्या जातींतल्या हिंदूंची लग्नं वैध आहेत असं कायद्याने निःसंदिग्धपणे म्हटलं ते १९४९ मध्ये. देवदास-लक्ष्मींना कुणी कोर्टात खेचलं नाही, कारण मागे गांधी आणि राजाजी होते. पण ज्यांच्या मागे कुणी नव्हतं त्यांचं काय? त्यासाठी तमिळ मुलखात जावं लागेल, आणि इथूनच ही गोष्ट आमच्या अंगणात परत येते.

पेरियार ई. व्ही. रामसामी यांच्या स्वाभिमान चळवळीने १९२८ च्या सुमारास नव्या प्रकारची लग्नं लावायला सुरुवात केली. सुयमरियादै तिरुमणम, म्हणजे स्वाभिमान विवाह. पुरोहित नाही, संस्कृत मंत्र नाहीत, होम नाही. मुहूर्त तर मुद्दाम टाळायचा. कित्येकदा नेमका राहुकाळ निवडायचे! कुणीतरी ज्येष्ठ माणूस अध्यक्ष. नवरा-नवरी तमिळमध्ये आपला निर्धार बोलून दाखवणार, एकमेकांना हार घालणार, आणि मग भाषणं. लग्न म्हणजे छोटी सभाच. विधवांची लग्नं, जातीबाहेरची लग्नं अशी लागली. चळवळीच्या 'कुडी अरसु' या पत्रात त्यांच्या बातम्या येत. पुण्यातल्या १८७३ च्या लग्नाशी किती साम्य आहे बघा.

हजारो जोडपी या पद्धतीने संसाराला लागली. आणि मग १९५३ मध्ये, मालमत्तेच्या एका दाव्यात, मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला की असा विवाह हिंदू कायद्याप्रमाणे वैध नाही. शास्त्रोक्त विधी नाही, आणि फार जुनी रूढी म्हणावी तर ही पद्धत अगदी अलीकडची. म्हणजे इतकी वर्षं संसार केलेली बाई कायद्याच्या नजरेत पत्नी नाही, आणि तिची मुलं औरस नाहीत.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, हिंदू विवाह कायदा आला. त्याचं सातवं कलम सांगतं की वर किंवा वधू, दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी चालेल, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. ऐकायला उदार आहे. पण "रूढी" हा शब्द तिथेच राहिला. जी पद्धत माणसांनी विचारपूर्वक, नव्याने बनवली, ती रूढी कशी ठरणार?

या शब्दाचा उलटा फटकाही बघा. महाराष्ट्रातलं लोखंडे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल १९६५ चा. पहिली बायको असताना नवऱ्याने दुसरं लग्न केलं, म्हणून पहिलीने फिर्याद दिली. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, दुसऱ्या लग्नात होम झाला का? सप्तपदी झाली का? नाही? आणि ती सोडायची रूढीही सिद्ध होत नाही? मग ते लग्न कायद्याने लागलंच नाही, आणि लागलं नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. नवरा सुटला. विधी अपुरा राहिला आणि किंमत दोन बायकांनी दिली: पहिलीला न्याय नाही, दुसरी पत्नीच नाही.

म्हणून साध्या लग्नाबद्दल बोलताना मी नुसतं कौतुक करू शकत नाही. विधी कमी करणं ही पुरुषांसाठी बहुधा तत्त्वाची गोष्ट होती. बाईसाठी त्यात डोक्यावरचं छप्पर पणाला लागलेलं असायचं.

तमिळनाडूने यावर उत्तर काढलं. १९६७ मध्ये अण्णादुरै मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात ७अ हे कलम घातलं. ते जानेवारी १९६८ मध्ये लागू झालं. नातलग, मित्र किंवा इतर कुणाच्या समक्ष, दोघांना समजेल अशा भाषेत एकमेकांचा स्वीकार जाहीर करा. किंवा हार घाला, किंवा अंगठी घाला, किंवा ताली बांधा. यांपैकी काहीही पुरेसं आहे. पुरोहित असण्याची गरज नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हे कलम मागच्या लग्नांनाही लागू केलं. जी लग्नं १९५३ च्या निकालाने हवेत लटकली होती, ती जमिनीवर आली. अगदी अलीकडे, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा लग्नाला जाहीर समारंभाची किंवा गर्दीचीही सक्ती नाही. घरच्यांपासून जीव वाचवत पळून आलेल्या जोडप्याने मांडव कुठे घालायचा?

आता आमच्या घरी परत येतो. भाचीला वाटत होतं की मुलाकडच्या पद्धतीने स्वाभिमान विवाह करू. मी कायद्याचं पुस्तक काढून बसलो आणि लक्षात आलं की ७अ हे तमिळनाडूचं कलम आहे. पुदुच्चेरीत चालतं, पण गुजरातेत नाही. वडोद्याच्या अंगणात नुसते हार घातले, तर अण्णांच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर मिळणार नाही. आणि नुसती नोंदणी पुढे करूनही भागत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालाच नसेल, तर केवळ प्रमाणपत्राने लग्न होत नाही.

मग उरला १९५४ चा विशेष विवाह कायदा. १८७२ च्या त्या कायद्याचा हा नातू, धर्म नाकारायची अट नसलेला. इथे विधीची अट नाही. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं, मग नोटीस, नोटिशीचे तीस दिवस, आणि शेवटी तीन साक्षीदारांसमोर, विवाह अधिकाऱ्यासमोर ठरलेले शब्द. जादा फी भरून अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही बोलावता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. भाची नवरात्रापासून घरूनच काम करत होती, त्यामुळे रहिवासाचा प्रश्न नव्हता. लग्नाच्या आदल्या शुक्रवारी सकाळी ते दोघे आणि आम्ही तीन साक्षीदार कचेरीत गेलो, सह्या केल्या, बाहेर टपरीवर चहा प्यायलो.

शनिवारी पाहुणे आले. मुलाची आजी, तिला सगळे पाटी म्हणतात, वय नव्वदीच्या आसपास. गाडीतून उतरली, पाणी घेतलं, आणि नातवाला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. त्याने हसून पिशवीतून कागद काढून दाखवला. मी विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, "कागद झाला का, असं विचारत होती."

रात्री अंगणात बसल्यावर कळलं. पाटीचं लग्न १९५१ चं, स्वाभिमान विवाह. हार, दोन भाषणं, लिंबू-सरबत. दोन वर्षांनी कोर्टाचा निकाल आला. त्यानंतर घरात जमिनीवरून कधी शब्द वाढला, की दीर एकच वाक्य बोलायचा: "तू आमच्या घरची आहेस हे कुणी सांगितलं?" नवरा चांगला होता, चळवळीतला होता, म्हणायचा, दुर्लक्ष कर. ती म्हणाली, दुर्लक्ष त्याला करता येत होतं. १९६८ मध्ये कायदा झाल्याची बातमी आली, त्या दिवशी तिने पुन्हा हार आणले नाहीत, काही नाही. फक्त दिराला जेवायला बोलावलं.

एवढं सांगून पाटी झोपायला गेली. आम्ही मात्र जागेच होतो, कारण झोपाळ्याच्या कड्यांना सोळा किलो दही फडक्यात टांगलेलं होतं आणि सकाळी त्याचं श्रीखंड व्हायचं होतं.

घरच्या लग्नाचा एक भाग इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. तो स्वयंपाकघरात असतो. बहिणीने फ्रिजवर यादी लावली होती आणि त्यात पुरुषांची नावं मुद्दाम वर लिहिली होती. नाहीतर "घरीच करू" याचा अर्थ "बायका करतील" असा होतो, आणि जुन्या काळीही तोच होत होता. माझ्या वाट्याला पुऱ्या लाटणं आलं. पहिल्या पन्नास पुऱ्या पापडासारख्या झाल्या. शेजारच्या गुजराती काकींनी लाटणं हातातून काढून घेतलं आणि सोबत उंधियूचं पातेलंही आणून ठेवलं. मुलाकडच्या मंडळींनी पायसम केलं. केळीचे खांब कसे बांधायचे यावर दोन्हीकडचे मामा पाऊण तास भांडले, कारण खांब दोन्हीकडे लागतात पण बांधायची तऱ्हा वेगळी.

ऐंशी माणसं मोजताना मला आणखी एक जुनी गोष्ट आठवली. १९६० च्या दशकात अन्नटंचाई होती, तेव्हा अनेक राज्यांत पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी मर्यादा होती. बंगाली निमंत्रणपत्रिकांवर अतिथी नियंत्रणाच्या नियमाचा उल्लेख छापलेला असायचा. २०२० मध्ये साथ आली, तेव्हा पुन्हा पन्नास माणसांची मर्यादा आली. दोन्ही वेळा लोकांनी लग्नं घरात, अंगणात, गच्चीवर उरकली. पण उरकलेलं लग्न आणि घडवलेलं लग्न यात फरक आहे. माणसं कमी असल्याने लग्न आपलं होत नाही. कोण आलंय, कशासाठी आलंय आणि उद्या प्रश्न आला तर कोण उभं राहणार, यावर ते ठरतं.

रविवारी सकाळी अकरा वाजता अण्णा आणि पाटी दोघांना मध्ये खुर्च्यांवर बसवलं. मुलीने तिचे शब्द तमिळमध्ये म्हटले, मुलाने मराठीत. त्याचा "ळ" आमच्यापेक्षा चांगला होता. हार घातले. मग सगळे अण्णांकडे बघू लागले.

अण्णा उठले नाहीत. त्यांनी पाटीकडे हात केला. पाटीने नातवाला पुन्हा काहीतरी विचारलं, त्याने मान डोलावली, आणि मग तिने अक्षता टाकल्या. तिच्यामागून सगळ्यांनी टाकल्या. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "ठीक आहे. आता लागलं म्हणा."

मंडळी, हा भाग संपवताना तुम्हाला एक काम देतो. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, विशेषतः आजी, तर त्यांना तीन गोष्टी विचारा. तुमचं लग्न कुठे लागलं? जेवण कुणी केलं? आणि तुमच्याकडे लग्नाचा काही कागद आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना त्या हसत उत्तर देतील. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर ते तिथेच सोडू नका. विवाह नोंदणी प्रत्येक राज्यात होते, उशिरा झालेलीही चालते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं, त्यामागे अशाच बायकांची गाऱ्हाणी होती. जवळच्या कचेरीत जाऊन या.

आणि घरात एखादं लग्न ठरत असेल, तर मांडव स्वतः घाला, श्रीखंड स्वतः करा, शब्दही स्वतःचे म्हणा. फक्त आदल्या शुक्रवारी कचेरीत जायला विसरू नका.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.